पर्चेस विभागात नव्याने रुजू होताय? पुरवठादाराशी नाते जोडण्याची आणि टिकवण्याची रीत

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि रस्ता बंद झाला, तेव्हा भोसरीतल्या आमच्या कारखान्यात गिअरबॉक्स हाउसिंगची जेमतेम दोन दिवस पुरतील एवढी कास्टिंग (ओतीव भाग) शिल्लक होती. ती कास्टिंग गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) येत, म्हणजे नदीच्या पलीकडून. माल तिथे तयार पडला होता. पण आमच्याकडे त्यांची चार महिन्यांची बिले थकली होती, आणि रस्ता बंद होण्याआधी मिळालेल्या थोड्या वेळात त्यांनी आमची गाडी न भरता दुसऱ्या ग्राहकाची भरली. आमची लाइन सहा दिवस उभी राहिली. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला. या वेळी त्याच फाउंड्रीच्या मालकांचा रात्री साडेदहाला फोन आला. "साहेब, राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फुटांच्या वर गेलंय आणि चढतंयच. दोन गाड्या आत्ता भरतोय, तुमच्या गेटवर माणूस ठेवा." पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले. पहाटे दोन्ही गाड्या भोसरीत पोहोचल्या आणि पुढे महामार्ग बंद झाला.

या दोन पुरांच्या मधल्या काळात आम्ही काय केले, ते नव्याने खरेदीच्या कामाला लागणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो आहे. उदाहरणे बहुतेक बिडाच्या कास्टिंगची आहेत, कारण माझी १९ वर्षे त्यातच गेली. पण प्लेटिंग, फोर्जिंग किंवा पॅकिंगच्या खोक्यांच्या पुरवठादारालाही हीच रीत थोड्या फरकाने लागू पडते. पुरवठादाराशी संबंध म्हणजे गोड बोलणे आणि आल्यागेल्याला चहा विचारणे, असे सुरुवातीला मलाही वाटत होते. गोड बोलणारे खरेदीवाले पुरवठादाराने आयुष्यात पुष्कळ पाहिलेले असतात. त्याच्या लेखी चांगला ग्राहक तो, ज्याचे पैसे कोणत्या तारखेला येणार हे बँकेच्या मॅनेजरला छातीठोकपणे सांगता येते आणि ज्याच्या शेड्यूलवर विश्वास ठेवून भट्टी लावता येते.

१. पहिल्या दोन आठवड्यांत भाव काढू नका, थकबाकी काढा

नवा माणूस आला की वरिष्ठ त्याला पहिले काम भाव कमी करून आणण्याचे देतात. तुम्ही मात्र आधी हिशेब विभागात जाऊन प्रत्येक प्रमुख पुरवठादाराचे खाते मागा, त्याच पुरवठादाराकडून त्यांच्या वहीतला उतारा मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने जुळवा. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही.

२०१९ च्या पुरानंतर मी हे केले तेव्हा थकलेल्या बिलांपैकी ११ बिले अशी निघाली, जी कोणी मुद्दाम अडवलेली नव्हती. एका चलनावर १२० नग होते आणि आमच्या इनवर्डला ११८ मोजले गेले होते. दोन नगांचा फरक असल्याने स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केला नाही, जीआरएन नाही म्हणून बिल हिशेबात चढले नाही, आणि बिलच चढलेले नाही म्हणून हिशेबवाले फोनवर "तुमचे काही बाकी नाही" असे सांगत राहिले. पुरवठादाराच्या दृष्टीने ही लबाडी होती; आमच्याकडे ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न गेलेली फाइल होती. त्यानंतर आम्ही नियम केला की नग कमी भरले तर त्याच दिवशी जेवढे मिळाले तेवढ्याचा जीआरएन करायचा, तुटीची डेबिट नोट (तेवढी रक्कम बिलातून वजा केल्याची चिठ्ठी) काढायची आणि त्याची प्रत पुरवठादाराला पाठवायची.

हिशेब जुळला की शिल्लक मान्य असल्याचे दोन्ही बाजूंच्या सहीचे पत्र करून ठेवा आणि ते दर तिमाहीला नव्याने करा.

२. प्रत्येक पुरवठादाराची एक फाइल करा

फाइलमध्ये पुढील कागद असावेत:

- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि रद्द केलेला चेक
- उद्यम नोंदणी प्रमाणपत्र, तसेच उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम याची या आर्थिक वर्षातील खात्री
- चालू पर्चेस ऑर्डर आणि तिची सर्व अमेंडमेंट (नंतर केलेले बदल)
- ड्रॉइंगची शेवटची आवृत्ती, पुरवठादाराच्या पोचेसह
- तपासणीचे मान्य निकष आणि दोघांनी सही केलेला नमुना नग
- पुरवठादाराकडे ठेवलेल्या आपल्या पॅटर्न (वाळूत साचा उठवण्याचा नमुना), डाय आणि फिक्श्चर (मशीनवर नग पकडण्याचे साधन) यांची फोटोसह यादी
- मागील १२ महिन्यांची आवक, रिजेक्शन आणि डेबिट नोटांचा तक्ता
- मालक, डिस्पॅच, क्वालिटी आणि हिशेब या चौघांचे वेगवेगळे फोन क्रमांक

यादीतला पॅटर्नचा कागद बहुतेकांच्या फाइलमध्ये नसतो. पॅटर्नचे पैसे आपण दिलेले असतात, पण ते वर्षानुवर्षे फाउंड्रीत पडून असते, आणि त्यावर आपल्या कंपनीचे नाव कोरलेले नसेल तर पुढे मालकीवरून वाद होतो. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल जीएसटी कायद्याप्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो. डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना ही मुदत नाही, पण म्हणून त्यांची नोंद सोडून चालत नाही. वर्षातून एकदा तिथे जाऊन प्रत्यक्ष मोजा.

दुसरा सापळा बँक खात्याचा आहे. "आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे नवीन खात्यावर पाठवावेत" असा ईमेल पुरवठादाराच्या नावाने येतो. पत्ता एका अक्षराने वेगळा असतो आणि घाईत ते लक्षात येत नाही. खाते बदलाचे पत्र आले की फाइलमधल्या जुन्या क्रमांकावर मालकांना स्वतः फोन करा. ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर करू नका.

३. पुरवठादाराच्या जागी जा, आणि ऑफिसात बसून परत येऊ नका

भोसरीहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या आत शेडमध्ये असता. आधी कळवून जा, कारण अचानक धाड घातल्यासारखे गेलेला ग्राहक कोणाला आवडत नाही. केबिनमध्ये कंपनीची माहिती दाखवली जाईल, ती आदराने पाहा आणि मग शेडमध्ये नेण्याची विनंती करा.

तिथे पुढील गोष्टी पाहाव्यात, असे मला अनुभवाने वाटते. वाळूची चाचणी रोज होते का आणि तिची वही आजच्या तारखेपर्यंत भरलेली आहे का. धातू ओतण्याआधी नमुना तपासला जातो का. कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या त्या वेळच्या वितळणीचा क्रमांक, उमटलेला आहे का, कारण तो नसेल तर पुढे एका नगात दोष निघाल्यावर त्याच भट्टीचे बाकीचे नग शोधता येत नाहीत. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला नग घासून साफ करण्याच्या, जागी किती माणसे आहेत. माल अडकला तर तो बहुतेक वेळा भट्टीत नसतो, ग्राइंडर मारण्यापाशी ढिगाने पडलेला असतो. शेवटी मागच्या अंगणात नाकारलेल्या मालाचा ढीग बघा. तो ढीग लपवून न ठेवणारी फाउंड्री मला नेहमी जास्त भरवशाची वाटत आली आहे.

मालकांशी बोलताना तीन गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा. त्यांच्या आठवड्याच्या सुट्टीचा वार कोणता, कारण भोसरीत गुरुवार असतो आणि त्यांचा वेगळा असला तर आठवड्यातले दोन दिवस हिशेबातून जातात. वीजदराच्या वेळा सांभाळून ते भट्टी कधी चालवतात. आणि त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक कोण आहे, म्हणजे अडचणीच्या दिवशी तुमचा क्रमांक कितवा लागेल याचा अंदाज येतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळेलच असे नाही. डिस्पॅचच्या जागी उभ्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या तरी ते समजते.

४. शेड्यूल खरे द्या

वर्षाची एक ओपन ऑर्डर (नगांचा आकडा पुढे शेड्यूलने कळवायचा, अशी) काढावी आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला शेड्यूल द्यावे. त्यात पहिला महिना पक्का असतो आणि पुढचे दोन अंदाजाचे. ही पद्धत वाहन उद्योगात सर्रास आहे. अडचण ती पाळण्यात आहे. आपल्याला ८०० नग लागणार असतात आणि "पुरवठादार नेहमी कमीच पाठवतो" म्हणून आपण १,००० लिहितो. पुरवठादाराला हे दोन महिन्यांत कळते आणि तो तुमच्या प्रत्येक आकड्यातून मनातल्या मनात २० टक्के वजा करू लागतो. ज्या महिन्यात तुम्हाला खरोखरच १,००० लागतात, त्या महिन्यातही त्याच्या हिशेबात ते ८०० असतात.

तुमच्या ग्राहकाने मागणी कमी केली तर त्याच दिवशी पुरवठादाराला फोन करा, मग ईमेल करा. तयार झालेला माल किती, साच्यात किती आणि फक्त कच्चा माल आणलेला किती, हे त्याला विचारून तयार माल उचलण्याची तारीख सांगा. हा फोन टाळण्याचा मोह फार होतो. मीही तो टाळलेला आहे, आणि नंतर गोदामात आमच्या नावाने गंजत पडलेले दीडशे नग पाहताना त्या मालकांच्या समोर उभे राहणे जड गेले.

माल निघताना ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची) मुदतही लक्षात ठेवा. साधारण मालाला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, म्हणजे कोल्हापूर ते भोसरीला दोन दिवस. गाडी वाटेत बंद पडली किंवा आपल्या गेटवर उतरवून घेण्यासाठी थांबून राहिली, तर ही मुदत संपू शकते. आपल्या गेटवर गाडी थांबवून ठेवण्याचा खर्च पुरवठादार बोलून दाखवत नाही. तो पुढच्या भावात घालतो.

५. भावातला धातू वेगळा काढा

कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो आणि त्यातला मोठा भाग पिग आयर्न आणि भंगाराचा असतो, ज्यांचे भाव ना तुमच्या हातात असतात ना फाउंड्रीच्या. म्हणून ऑर्डरमध्ये दोन भाग वेगळे लिहावेत: धातूचा पायाभूत दर आणि घडणावळ. धातूचा दर कोणत्या बाजारभावाशी बांधलेला आहे, तो किती दिवसांनी बदलेल आणि किती फरक झाल्याशिवाय बदलणार नाही, हे आधी कागदावर आणावे. आम्ही तिमाही ठेवली.

धातू उतरला तर पुरवठादाराने मागायच्या आधी आपण हक्काने कपात मागतो, आणि चढला की वाढीचा अर्ज "वरिष्ठांकडे पाठवला आहे" म्हणून तीन महिने फिरत राहतो. याने जेवढे नुकसान होते तेवढे भाव पाडून घेतल्याने होत नसावे, असे माझे मत आहे. वाढ मान्य असेल तर अमेंडमेंट त्याच महिन्यात काढा. मागील तारखेपासून फरक द्यायचा ठरला असेल तर त्याचे पूरक बिल किंवा डेबिट नोट कोण काढणार, हे हिशेबनिसाला विचारून लिहून घ्या, नाहीतर फरकाची रक्कम पुढच्या ऑडिटपर्यंत लटकते.

घडणावळीवर घासाघीस अवश्य करा. ते तुमचे कामच आहे. फक्त ती आकडे समोर ठेवून करा. नगाचे वजन ड्रॉइंगपेक्षा जास्त येते का, आपल्या डिझाइनमध्ये एखादी जाडी विनाकारण आहे का, खोकी परत पाठवून पॅकिंगचा खर्च वाचतो का, अशा प्रश्नांतून जी बचत निघते ती पुरवठादाराच्या खिशातून जात नाही.

६. रिजेक्शनचा निवाडा टेबलावर करा

नवख्या माणसाचे नाते सर्वांत लवकर इथे बिघडते. कास्टिंगमधले ब्लो होल (आत वायू अडकून राहिलेली पोकळी) बऱ्याचदा मशिनिंग झाल्यावरच उघडे पडते. तोपर्यंत त्या नगावर आपला खर्च झालेला असतो. म्हणून दोष कास्टिंगचा की मशिनिंगचा, म्हणजे आमच्या भाषेत सीआर की एमआर, हे ठरवण्याला पैशाचा अर्थ येतो. आपल्या शॉपवरचा माणूस शंका असलेला प्रत्येक नग सीआरच्या खोक्यात टाकतो. त्याला दोष देऊ नका, एमआरचा आकडा त्याच्या नावावर लागतो.

एकदा आमच्याकडे ४८ नग सीआर म्हणून लाल रंग मारून वेगळे ठेवले होते आणि डेबिट नोट तयार होती. फाउंड्रीच्या क्वालिटीच्या माणसाने ती घेण्याआधी नग पाहण्याची परवानगी मागितली. तो सकाळी आला आणि नग एकेक करून टेबलावर घेऊन पाहू लागला. ब्लो होलची आतली भिंत गुळगुळीत असते, ती दाखवत त्याने ३१ नग स्वतःच्या बाजूला घेतले, आणि एकाही नगावर वाद घातला नाही. उरलेले १७ नग त्याने ओळीत मांडले. सगळ्यांवर एकाच बाजूला काळा, न कापलेला पट्टा राहिला होता आणि त्याच बाजूच्या भोकाची भिंत पातळ झाली होती. आमच्या फिक्श्चरचा एक लोकेटर (नग नेमक्या जागी बसवणारा टेकू) झिजला होता. त्या १७ नगांची डेबिट नोट मी त्याच्या समोर रद्द केली, त्याने ३१ ची स्वीकारली, आणि आम्हाला झिजलेला लोकेटर फुकटात सापडला. नाहीतर तो आणखी किती नग खराब करून मग कळला असता, देव जाणे.

त्यानंतर आम्ही ठरवून घेतलेली रीत अशी आहे: सीआर नग १० दिवस वेगळे ठेवायचे, फोटो आणि हीट नंबरसह कळवायचे, पुरवठादाराचा माणूस येऊन पाहील किंवा न येता मान्य करील, आणि मगच डेबिट नोट निघेल. सीआर नगावर झालेल्या मशिनिंगचा खर्च कोणी सोसायचा, तेही ऑर्डरमध्येच लिहा. आम्ही ठरावीक टक्केवारीपर्यंत तो आमच्याकडे ठेवला आणि त्यापुढचा त्यांच्याकडे.

कळवणे लेखी असावे, याला कायद्याचेही कारण आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो माल मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारला असे धरले जाते. महिन्याभराने "माल खराब होता म्हणून पैसे दिले नाहीत" हे म्हणणे तिथे टिकत नाही.

७. पैशाची तारीख पाळा, आणि कायदा स्वतः वाचा

याच कायद्याचे कलम १५ खरेदी विभागातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवे. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. ऑर्डरवर "६० दिवस" छापलेले असले तरी ४५ ची मर्यादा ओलांडता येत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते.

२०२३ च्या वित्त कायद्याने यात प्राप्तिकराची भर घातली. कलम ४३बी मधील (एच) हा खंड १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळू लागला. मार्च २०२४ मध्ये अनेक हिशेब विभागांची जी धावपळ झाली ती याचमुळे. त्या वेळी काही खरेदीदारांनी छोट्या पुरवठादारांना "उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देऊ" असे सुचवल्याचे मी स्वतः ऐकले आहे. तुमच्याकडून कोणी असे पत्र लिहून घेत असेल तर त्यावर सही करू नका.

उद्योग कोणत्या गटात येतो हे दरवर्षी तपासावे लागते, कारण १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. आता यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. काल मध्यम असलेला तुमचा पुरवठादार आज लघु झालेला असू शकतो. केवळ व्यापार करणाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती असते, हेही हिशेबवाल्यांना ठाऊक असू द्या.

जीएसटीमुळे होणारे भांडण वेगळेच असते. पुरवठादाराने त्याच्या विवरणपत्रात बिल दाखवले नाही तर ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (आपल्या खरेदीवरील कराच्या मासिक तक्त्यात) दिसत नाही, आपल्याला त्या कराचे क्रेडिट मिळत नाही आणि हिशेबवाले त्याचे पैसे अडवतात. मासिक विवरण भरणाऱ्याची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख असते आणि २बी १४ तारखेला तयार होते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेला छोटा पुरवठादार तिमाही पद्धतीत असू शकतो; त्याने पहिल्या दोन महिन्यांची बिले १३ तारखेपर्यंत आयएफएफमधून (तिमाही पद्धतीतही दर महिन्याला बिले दाखवण्याच्या सोयीतून) चढवली नाहीत, तर ती तिमाहीनंतरच दिसतात. तो बिल बुडवत नसतो, त्याच्या कर सल्लागाराने ती सोय वापरलेली नसते. १० तारखेला एक फोन केला की बहुतेक प्रश्न सुटतो. उलट बाजूने, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत आपण पैसे दिले नाहीत, तर घेतलेले क्रेडिट व्याजासह परत करावे लागते.

आपल्याच कंपनीकडे रोख रक्कम नसेल तेव्हा काय करावे? तारीख उलटण्याआधी फोन करून खरी नवी तारीख सांगावी आणि ती पाळावी. "चेक सहीला गेला आहे" हे वाक्य शब्दकोशातून काढून टाका. तुमची कंपनी ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर असेल तर पुरवठादाराला तिथे नोंदणी करायला मदत करा. तिथे त्याचे बिल तुमच्या कंपनीची पत पाहून वटवले जाते आणि त्याला काही दिवसांत पैसे मिळतात. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ही नोंदणी सक्तीची झाली आहे.

८. चांगले नाते असले तरी दुसरा स्रोत ठेवा

१ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सर्व गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनत होता आणि टोयोटाकडे त्याचा साठा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नव्हता. जपानमधले टोयोटाचे कारखाने बंद पडले. पण दुसऱ्या पुरवठादारांनी, आणि ज्यांनी तो भाग कधीच बनवला नव्हता अशांनीही, ड्रॉइंग मागवून घेऊन आपापल्या यंत्रांवर तो बनवायला घेतला. भाव ठरवण्यासाठी कोणी थांबले नाही. साधारण आठवड्याभरात गाड्या पुन्हा तयार होऊ लागल्या. वर्षानुवर्षांच्या संबंधांचा पुरावा म्हणून ही हकिकत नेहमी सांगितली जाते आणि ते खरेच आहे. मला त्यातले दुसरे वाक्यही तितकेच महत्त्वाचे वाटते: एवढा महत्त्वाचा भाग एकाच छपराखाली बनत होता.

आमच्या हाउसिंगसाठी आम्ही २०१९ नंतर दुसरी फाउंड्री शोधली, मुद्दाम नदीच्या अलीकडची. हे जुन्या पुरवठादाराला बाहेरून कळू दिले नाही. मी स्वतः गोकुळ शिरगावला जाऊन सांगितले, ७० टक्के त्यांच्याकडे राहतील आणि ३० टक्के तिकडे जातील, हेही सांगितले आणि तसे लिहून दिले. ते नाराज झाले, पण पाण्याची भीती त्यांनाही होती. दुसऱ्या स्रोताचा उपयोग पहिल्याला दर महिन्याला भाव दाखवून घाबरवण्यासाठी करू लागलात, तर थोड्याच दिवसांत तुमच्याकडे दोन नाराज पुरवठादार असतील.

९. दिवाळीची खोकी

कंपनीचा नियम काय आहे ते ऑक्टोबरच्या आधी विचारून घ्या आणि सर्व पुरवठादारांना एकाच मजकुराचे पत्र पाठवा. आमच्याकडे मिठाई आली तर ती स्वागत कक्षात सर्वांसाठी ठेवली जाते, बाकी काही आले तर परत जाते. जेवणाचे बिल आलटूनपालटून द्यावे. याहून जास्त लिहिण्यासारखे यात नाही.

१०. जाताना नाते कंपनीकडे सोपवा

तुमची बदली होईल किंवा तुम्ही नोकरी सोडाल. त्या दिवशी सगळे ठरलेले तुमच्या मोबाइलमध्येच असेल, तर पुरवठादाराला नव्या माणसापुढे शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन त्याच्या अंगावर येते. म्हणून फोनवर ठरलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने पक्की करण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. जाण्याच्या महिनाभर आधी नव्या माणसाला घेऊन प्रत्येक प्रमुख पुरवठादाराकडे जा, खाते पुन्हा जुळवा आणि न मिटलेल्या बाबींची यादी तिघांच्या सहीने करा.

माझ्या हाताखाली नुकत्याच आलेल्या मुलीला मी जी वही दिली आहे, तिच्यात प्रत्येक पुरवठादाराला एक पान आहे. गोकुळ शिरगावच्या पानावर सुट्टीचा वार, डिस्पॅचवाल्याचा क्रमांक, सीआरची ठरलेली टक्केवारी आणि धातूच्या दराची तिमाही लिहिली आहे. खाली लाल पेनाने एक ओळ आहे: पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज सकाळी पाहणे, ३९ फुटांना फोन करणे, त्यांच्या फोनची वाट पाहू नये.